केसभर फरक

लेकीनं इंजिन ट्यूनिंगचं गॅरेज थाटल्यापासून बाबांनी त्याचा उंबरठा ओलांडला नव्हता. आज मात्र आईला शेजारी बसवून नवीकोरी स्पोर्ट्स कार दाराशी आणून बाहेरूनच हाक मारली, "पळतच नाही गं ही! लाव बरं तुझा हात." लेकीनं हौसेनं कॉम्प्युटर जोडला. इंजिन खणखणीत! कंपनीनंच इतकं नेमकं लावलेलं, की ट्यूनिंगनं केसभरच फरक पडला असता. मग घोडं पेंड कुठं खातंय? ती वाकली, तर अ‍ॅक्सिलरेटरखाली घरचं जाडजूड पायपुसणं! ते काढताच बाबा सुसाट सुटले. "मीच कोंबलं," आधीच गाडीतून उतरून मागं राहिलेली आई खुसखुसली. "गाडी अडल्याशिवाय हे तुझ्याकडे आले असते का?" लेकीनं हसत पायपुसणं दारात अंथरलं. चक्कर मारून परतलेले बाबा पोरासारखे खिदळत उतरले. "जादू आहे गं तुझ्या हातात!" म्हणाले, आणि पाय पुसून आत आले.