सव्वीस वायरींचा मालक

पहिला फटका वायरीचाच बसला. थोरल्याने जाड केबल दुहेरी करून धाकट्या भावाच्या पाठीवर ओढली आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

"मी," धाकटा म्हणाला.

दुसरा फटका मानेवर बसला.

हे चाललं होतं स्टेजवर, पडद्याच्या मागे. पडद्यापुढे, कारखान्याच्या मोठ्या शेडमध्ये, दोन हजार कामगार बाकं बडवत होते. सभा अकराची होती आणि अकरा कधीच वाजून गेले होते. त्या दणदणाटात एका माणसाच्या पाठीचा आवाज कुणाला ऐकू जाणार?

धाकट्याचा गुन्हा काय, तर साउंडचं वायरिंग सोपं झालं होतं.

थोरला कार्यक्रमांना भाड्याने साउंड लावून द्यायचा. वीस वर्षं त्याच्या मिक्सरपासून स्टेजपर्यंत सव्वीस वायरी जात. एकीवरही खूण नसे. कुणी चिकटपट्टी लावून नाव लिहिलं, तर थोरला ती नखाने सोलून काढी. कुठली वायर कुठे जाते, ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात. कुणाशी बिनसलं की कार्यक्रमाच्या ऐन तोंडावर तो चार-दोन प्लग उपसायचा आणि पेटीवर तंगड्या पसरून बसायचा. मग आयोजक, भाऊ, बायको, सगळे हात जोडून उभे. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. हे गाढव तर पाय पुढे करूनच बसलेलं असे. घरीही तोच कायदा. त्याच्याशिवाय कुणाचं पोट चालत नव्हतं, म्हणून त्याचा हात चालायचा.

मग तो शिडीवरून पडला आणि दीड महिना खाटेला खिळला. आज काठी टेकत पहिल्यांदा कामावर आला आणि बघतच राहिला. अॅम्प्लिफायर मिक्सरजवळून उचलून स्टेजच्या बाजूला, खाली मांडलेले. मिक्सरकडून त्यांच्यापर्यंत एकच केबल. पुढे प्रत्येक बाजूच्या स्पीकरना एकेकच केबल, आत चार तारा: दोन खालच्या मोठ्या खोक्याला, दोन वरच्याला. डावीकडे लाल पट्टी, उजवीकडे पिवळी. प्लगही पीळ देऊन बसणारे, चुकीच्या भोकात जातच नाहीत असे. कुणीही एकदा बघावं आणि जोडावं. धंदा जागच्या जागी होता, फक्त त्यातून थोरला वजा झाला होता. हे त्याला एका नजरेत कळलं. त्याने सगळे प्लग उपसले, केबली अॅम्प्लिफायरपाशी ढीग करून टाकल्या, आणि पेटीतली एक जुनी सुटी केबल हातात घेऊन भावाला पडद्यामागे ओढलं.

"तू केलंस? तुला बल्ब बदलता येत नाही, रेड्या! परका माणूस शिरवलास माझ्या गोदामात. नाव सांग त्याचं."

खरं होतं ते. खोकी उचलण्यात धाकट्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण वायर बघितली की त्याला घाम फुटायचा.

"मीच केलं, दादा."

थोरल्याने केबल टाकली आणि काठी घेतली. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. धाकटा गुडघ्यांवर आला, मग हातांवर.

थोरल्याची बायको स्पीकरच्या खोळींच्या गठ्ठ्याशी उभी होती. खोळी शिवायच्या, धुवायच्या, घालायच्या आणि काढायच्या, एवढंच तिच्याकडे. वायरीला बायकांचा हात लागला की खरखर येते, हा तिच्या नवऱ्याचा शोध होता.

"अहो, भाऊजींना सोडा. मरतील ते."

"तू खोळी मोज."

काठी धाकट्याच्या उजव्या हातावर आली. बोटं काडकन मोडली. तो गुरासारखा ओरडला. बाहेर बाकं वाजतच होती. त्याला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आईची आठवण येत होती. पण नाव बाहेर पडलं तर एक जीव जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "मीच," तो पुन्हा म्हणाला.

वहिनीने त्या बोटांकडे बघितलं आणि ती स्टेजच्या कडेने खाली उतरून गेली. पळणाऱ्यांकडे लक्ष द्यायला थोरल्याला वेळ नव्हता.

तेवढ्यात कामगारांचा सेक्रेटरी आत डोकावला. रक्त बघून तो एक पाऊल मागे सरला. "अहो, काय हे! बाहेर लोक बाकं मोडतील आता. आवाज कधी येणार?"

थोरला पेटीवर बसला. तंगड्या पसरल्या. वीस वर्षांचं सुख त्याच्या चेहऱ्यावर परत आलं. "हा नाव सांगेल तेव्हा येईल."

"मी हात जोडतो तुम्हाला."

"याला जोडा. यानंच सोपं केलंय ना सगळं."

त्याने काठी पुन्हा उचलली. धाकट्याने डावा हात डोक्यावर घेतला.

आणि मोठ्या खोक्यांतून धप्प असा आवाज आला. स्टेजच्या फळ्या हादरल्या. बाहेरची बाकं एकदम थांबली. थोरल्याची काठी हवेतच राहिली. सेक्रेटरी समोर, भाऊ पायाशी. मग तिकडे आहे कोण?

पडदा सर्रकन बाजूला झाला. दोन हजार माणसांनी काठीवाला बघितला, आणि त्याच्या पायाशी पडलेला माणूसही. पुढे माइकपाशी, पडद्याची दोरी अजून मुठीत धरून, वहिनी उभी होती. तिचा आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ आला, जरासुद्धा खरखर नाही.

"भाऊजींना सोड. वायरिंग मी केलंय. ये, मार आता मला."