अर्धा मोजा

लेक-जावई, मुलगा-सुनेसह मनालीला निघताना विमानतळावरच्या तपासणीत शैलजाबाईंच्या विणायच्या सुया काढून घेतल्या, तेव्हा त्यांच्या यजमानांना, पद्माकररावांना, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लग्न असो, बारसं असो, बाईंच्या हातातला अर्धा मोजा काही सुटत नसे. काही विचारलं तर नुसती मान हलवून टाके मोजत बसायच्या.

"आता मनालीत तरी जरा माणसांत ये," ते म्हणाले.

त्या माणसांत आल्या. विमानात बसल्या बसल्या त्यांनी जावयाला सांगितलं, की लेकीला खरं पसंत होतं ते साताऱ्याचं स्थळ. हॉटेलात सुनेला म्हणाल्या, "तू माहेरी फोन करतेस ना, तेव्हा मी शेजारीच विणत बसलेली असते. कैदाशीण वगैरे सगळं ऐकू येतं हो मला." इतकी वर्षं त्यांचं तोंड तेवढं बंद होतं, कान नव्हते, हे आता सगळ्यांच्या ध्यानात आलं. जेवताना त्या यजमानांकडे वळल्या. "आणि काय हो, त्या लेल्यांच्या नलूला तुम्ही गच्चीतून..."

पद्माकररावांना जोराचा ठसका लागला.

सकाळी बर्फ राहिला बाजूला, अख्खं घर बाजारात सुया शोधत हिंडलं; विणायच्या, शिवायच्या, मिळतील त्या.

"मोजे कुणाला विणू?" सुया हातात पडताच शैलजाबाईंनी विचारलं.

"मोजे काय, लगेच संपतात," पद्माकरराव घाईघाईने म्हणाले. "गोधडीच शिवायला घे. चांगली डबल बेडची."

"तिला जुन्या साड्या लागतात. इथे कुठून आणू?"

सुनेने बॅग उघडली आणि दोन साड्या पुढे केल्या. दोन्हींची अजून घडीसुद्धा मोडली नव्हती.