ज्याचा एक्का त्याचा कायदा

"आबा चुकले! आबा चुकले!" दहा वर्षांच्या ताराने टाळ्या पिटल्या.

चंपतरावांनी बदामावर किल्वरची सत्ती टाकली होती. हातात बदामाची दोन पानं चांगली दिसत असताना! शेजारी बसलेल्या मधुसूदनने मान वर करून वडलांकडे पाहिलं.

"काहून चुकले?" भागीरथाबाईंनी मांडीखालून हळूच चौकटचा एक्का हातातल्या पानांत सरकवला आणि फटकन खाली टाकला. "हा पाहा माहा एक्का. आता लालवर काळं अन् काळ्यावर लाल. ह्याइचं पान बरोबर हाय."

"असं कसं आजी? पान आधी पडलं, कायदा मागून!"

"माहा एक्का मागचंपुढचं पाहत नाही, समजलं?"

या खेळाला धड नावही नव्हतं. बदामावर बदाम, इस्पिकवर इस्पिक टाकत जायचं. पण एक्का कोणीही, केव्हाही टाकावा आणि मनाला येईल तो कायदा करावा. जुना कायदा तिथंच खलास. भागीरथाबाईंनीच हा खेळ चार महिन्यांपूर्वी काढला. मेंढीकोटात अख्ख्या सक्करदरा मोहल्ल्याला पाणी पाजणारे चंपतराव एका दुपारी हुकूम कोणता तेच विसरले, दोस्त खो खो हसले, आणि चंपतराव पत्ते टाकून उठून आले, तेव्हा. ज्या खेळात कायदाच टिकत नाही त्यात माणूस चुकणार कसा? रोज त्या पत्ते पिसतानाच एक्के दडवत. आज तर तीन दडवले होते. चतुर्थीचा उपास चुकून मोडला तरी देवापुढे कान धरणारी बाई! पण वेळच तशी आली होती.

मधुसूदन लेकीला घेऊन भिलाईहून आला तो शेजारच्या वसंताच्या पत्रामुळे. काका तलावाच्या काठी बसून होते, घराची वाट सापडेना, असं त्यानं लिहिलं होतं. "वसंताले काय, देते काहीबाही लिहून," भागीरथाबाईंनी उडवून लावलं. मधुसूदनने वाद घातला नाही. "खरं असन, तर घराले कुलूप लावतो न् तुम्हा दोघाइले भिलाईले नेतो," एवढंच बोलला. आणि सकाळीच इतवारीच्या बाजारातून मोठं पितळी कुलूप आणून कोनाड्यात ठेवलं.

पोरगा वाईट नव्हता. वाईट नव्हता म्हणूनच तर भीती होती. इथं चंपतराव वाट चुकले तरी पानठेलेवाला हात धरून घरी आणून सोडत होता. भिलाईला एकासारखी एक क्वार्टरं, रांगाच्या रांगा. तिथं ह्यांना कोण ओळखणार होतं?

चंपतराव मात्र मजेत होते. "टाक गा बापू," ते मधुसूदनला म्हणत. "शाब्बास वं पोरी," ताराला. बायकोला नुसतं "अवं". एकोणचाळीस वर्षं ते तिला 'अवं'च म्हणत आले होते. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं ते लग्नात एकदा, पंगतीत, लोकांनी लयच आग्रह धरल्यावर. मग कोण घेतो?

"बाबा ठीक दिसून राहिले," मधुसूदन आईला हळूच म्हणाला. भागीरथाबाईंचा जीव भांड्यात पडला.

नेमका तेव्हाच ताराने इस्पिकचा एक्का आपटला.

"माझा कायदा! पान टाकायच्या आधी डाव्या हाताच्या माणसाचं नाव घ्यायचं. नुसतं आजी-बाबा नाही चालणार. खरं नाव!"

पाळी चंपतरावांची होती. उजव्या हाताला मधुसूदन, डाव्या हाताला भागीरथाबाई.

"इश्श! म्हातारपणी काय हे नाव घ्यायले लावतं वं!" भागीरथाबाई हसल्या. "लोकं काय म्हणतीन?"

"लोकं कुठं आहेत इथं?" मधुसूदनलाही हुरूप आला. "चला बाबा, होऊन जाऊ द्या. उखाणा घ्या झक्कास!"

चंपतराव हसले. बायकोकडे बघत राहिले. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे तिच्या तोंडावर काहीतरी शोधू लागले. कपाळावर, कुंकवात, नाकातल्या खड्यात. भागीरथाबाईंनी ते पाहिलं. हुकूम विसरतात, वाट विसरतात, हे त्यांना ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं. त्या मुलापासून लपवत होत्या, आणि हा माणूस त्यांच्यापासून लपवत होता, एका 'अवं'च्या आडून. कधीपासून, देव जाणे.

त्यांनी घाईघाईनं मांडीखाली हात घातला. ताराचा कायदा मोडायला एक एक्का पुरे होता, आणि बदामाचा अजून शिल्लक होता. त्यांनी सतरंजी चाचपली. पदर झटकला. एक्का नव्हता.

तो चंपतरावांच्या हातात होता.

"तुह्याच मांडीखालून घेतला वं," ते म्हणाले. "मले रोज दिसते तू काय करतं ते. ते कुलूपही दिसून राहिलं सकाळपासून."

चंपतरावांनी बदामाचा एक्का सतरंजीच्या मधोमध ठेवला.

"आता माहा कायदा. ज्याचं नाव आठवत नाही, त्याचा हात धराचा."

आणि बाकीची पानं खाली ठेवून त्यांनी एका हातानं भागीरथाबाईंचा हात धरला, दुसऱ्या हातानं मधुसूदनचा.