पितळी पट्टी

हवालदाराने चाकू उघडला खरा, पण तो मिटता मिटेना. त्याने पातं मागून दाबलं, टेबलाच्या कडेला टेकवून रेटलं. मूठ हातात फिरली, पातं जागचं हललं नाही.

"काका, हट्टी आहे हो तुमचा चाकू."

"मुठीच्या पोटात पितळी पट्टी आहे, ती दाबा," फिटर म्हणाला. "हां. आता मिटेल."

चाकू मिटला. बसस्थानकाच्या फाटकावर तपासणीत तो फिटरच्या खिशातून निघाला होता, म्हणून त्याला आणि त्याच्या मेहुण्याला या खोलीत आणून बसवलं होतं. टेबलामागे साहेब, डोक्यावर पंखा. टेबलावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची काडी. ती मेहुण्याच्या पिशवीतून निघाली होती, पण तिच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

साहेबांनी पातं आपल्या बोटाला लावून मापलं. "बोटभरही नाही. एवढ्याला कोण अडवतंय? काम काय याचं?"

"गुलाबाचे डोळे भरायला."

"डोळे?" हवालदार हसला. "काका, चाकू समोर असताना डोळ्यांची गोष्ट नका काढू. इथं माणसं घाबरट आहेत."

फिटरने समजावून सांगितलं. काडीच्या सालीवर फुगीर कोंब असतो, त्याला डोळा म्हणतात. तो सालीसकट काढायचा आणि दुसऱ्या झाडाच्या खुंटाला चीर देऊन आत बसवायचा. मुलीच्या अंगणात खुंट तयार होता. घरचं झाड वाळत आलं होतं. पाणी घालत होता तो रोज, पण झाडाला नुसतं पाणी पुरत नाही. हिरवी अशी ही शेवटची काडी. आज डोळा भरला तर जगेल, उद्या नाही.

"जा मग," म्हणत साहेबांनी चाकू पुढे सरकवला. फिटरने हात पुढे केला. "पट्टी मात्र झकास आहे. कुठल्या कंपनीची?" साहेबांनी विचारलं.

"कंपनी कसली! मी बसवली," फिटर म्हणाला. सगळा जन्म वर्कशॉपात गेलेला माणूस, कोणी कामाचं कौतुक केलं की तोंड आवरत नसे. "मूळचा साधाच होता. दाबला की मिटायचा. आता लावा कितीही जोर!"

मेहुण्याने त्याच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

साहेबांनी चाकू परत ओढून घेतला. "दाबला की मिटतो तो खिशातला चाकू. उघडून पक्का बसतो ते शस्त्र. कायदा नुसती लांबी बघत नाही, काका. मला वाटलं बाजारातून असाच आणलात, तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही तर मुद्दाम केलाय. आता हा जप्त होणार आणि मोडीत जाणार."

"कामाचा आहे हो तो."

"कामाचा असेल तर मुभा आहे. माळी आहात?"

"मी नाही. बायको. नर्सरीत."

"मग त्यांना बोलवा. त्यांनी येऊन सांगितलं की झालं."

"ताई वारली, साहेब," मेहुणा म्हणाला.

साहेबांनी हातातला चाकू टेबलावर ठेवला. "मग आता काम कोणाचं?" आवाज मऊ झाला होता, प्रश्न तोच होता.

"भाऊजी, सांगा की, तुम्ही करता म्हणून," मेहुणा कुजबुजला.

"मला येत नाही. आज पहिल्यांदाच करणार होतो."

"धन्य आहे तुमची! एवढा संसार केलात, ताईकडून थोडं खोटं बोलायला तरी शिकायचं."

"पण ही पट्टी बसवलीत कशाला?" साहेब वैतागले.

"औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. काम सोडायला तयार नव्हती. चाकू मिटायचा तो बोटावर. काडी लाल झालेली दिसली की मग तिला कळायचं."

पट्टी बसवून दिली त्या दिवशी तिने चाकू चार वेळा दाबून पाहिला होता. "झाला माझ्यासारखा," म्हणाली होती, "एकदा तोंड उघडलं की मिटायचं नाव नाही." हे त्याने साहेबांना सांगितलं नाही.

साहेबांनी खणातून पक्कड काढली. "माझ्या हातात एवढंच आहे. पट्टी उपटून टाका. मग तो साधा चाकू, खुशाल न्या. तुम्हीच बसवलीत, तुम्हीच काढा."

फिटरने पक्कड घेतली. जन्मात हलणार नाही अशी ठोकली होती त्याने ती पट्टी. आता त्याचंच काम त्याला दाद देईना. मेहुण्याने दुसऱ्या बाजूने मूठ घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटी कट्कन आवाज झाला. पितळेचा वाकडा तुकडा टेबलावर पडला.

"बघू." साहेबांनी चाकू उघडला, मूठ हातात धरली आणि अंगठ्याने पातं मागून दाबलं. "हां, आता कसा कायद्यात बस..."

पातं मिटलं.

"आई गं!"

हवालदार धावला. हाताला लागलं ते ओलं फडकं त्याने काडीवरून ओढलं आणि साहेबांच्या बोटाला करकचून गुंडाळलं. काडी पंख्याखाली उघडी पडली.

"लगेच कळलं तुम्हाला," फिटर म्हणाला.