दादाचं उत्तर

कॉम्प्युटर सेंटरवरचं संथ सॉफ्टवेअर दर नोंदीला ‘पुढे जायचं?’ असं विचारायचं. कंटाळून धम्मरत्नने प्रोग्राम लिहिला: दर पाच मिनिटांनी, समोर जी विंडो असेल तिच्यात ‘हो’ टाइप करून एंटर दाबायचं. तो चालू करून धम्मरत्न स्टँडवर चहाला गेला.

परतला, तर सॉफ्टवेअरच्या वर व्हॉट्सॲपची विंडो उघडी राहिलेली. आसेगावला दिलेली बहीण, धम्मदीपा, दादाला विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारी. तिचेच मेसेज होते.

“दादा, त्याईनं आजबी मारलं. तरी इथंच राहू का?”

“हो”

“म्हंजे तुलेबी माहीच चूक वाटते?”

“हो”

“बरं. माह्या मागं माह्या लेकीले सांभाळशील ना?”

“हो”