सहावा संघ

कोरियाच्या बेसबॉल लीगमध्ये संघ दहा, आणि पहिले पाच ऑक्टोबरच्या बाद फेरीत जातात. आमचा संघ सात वर्षं सहावा येतोय. म्हणून थाक ओकबुन आजी सोलमधल्या लीगच्या कचेरीसमोर रोज फलक धरून उभ्या राहायच्या: ‘हंगाम वीस सामन्यांनी कमी करा, वाचलेल्या दिवसांत बाद फेरीत सहा संघ घ्या.’ मरण्याआधी त्यांना आपल्या मैदानावर एकदा तरी ऑक्टोबरचा सामना बघायचा होता.

“आजी, नियम बदलण्यापेक्षा पोरांना बॅट फिरवायला शिकवा की!” फाटकावरचा पहारेकरी रोज टोमणा मारायचा.

“पोरं शिकतील रे. तुझे साहेब शिकतील तर शपथ!”

आज साहेबांचं उत्तर त्यानंच आणून दिलं: प्रस्ताव फेटाळला आहे. आजींनी त्या कागदाची घडी करून चावणाऱ्या बुटात टाचेखाली सरकवली आणि फलक पुन्हा उंच धरला.

पहारेकऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. गणवेशाची टोपी उतरवून त्यानं खिशातली आमच्या संघाची विटकी टोपी डोक्यावर चढवली.

आजी जरा सरकल्या. “ये, उभा राहा शेजारी.”


“शेजारी नको, आजी. दोघं झालो की मोर्चा होतो, पोलिसांना आधी कळवावं लागतं. फलक इकडे द्या, आणि तुम्ही जेवून या.”