क्लबचं बोलावणं

त्या जुन्या रग्बी क्लबात अर्ज चालत नसे. स्थापनेपासून क्लबच माणूस हेरून बोलवायचा. त्यामुळे एका प्लंबरला निरोप आला तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

पहिल्याच रविवारी चेंडू राहिला बाजूला, आणि दोन्हीकडचे गडी त्याच्यावरच तुटून पडले. ओठ फाटला, बरगडी मोडली, डोळा सुजून बंद झाला.

"अहो, हा कुठला खेळ?" तो रक्त थुंकत कळवळला. "आता घरी बायकोला काय सांगू?"

क्लबचा कप्तान एरवी दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याने सराईत हातांनी जखम पुसून पट्टी बांधली.

 

"सांग, बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून. तुझी बायको पट्टी बांधून घ्यायला येते, तेव्हा दरवेळी मला हेच सांगते."